सात नंबरचं डोकं

सकाळचे आठ. डावी कूस.

चादर म्हणाली : सात नंबर. डोक्याची मागची बाजू. आत पाणी वाढतंय. भार काढा.

"आज पाचवा दिवस!" एस्तेर सिस्टरनी चहाचा पेला खिडकीत आदळला आणि त्या सात नंबरच्या खाटेकडे निघाल्या. निघाल्या म्हणजे जवळजवळ धावल्याच. एकावन्नाव्या वर्षीही वॉर्डात त्या चालायच्या कमी, धावायच्या जास्त.

मिरजेतल्या त्या रुग्णालयात लांबनिजीचा वॉर्ड एस्तेर आवळे यांच्याकडे होता. चौदा खाटा, आणि खाटांवर अशी माणसं की ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही. दर दोन तासांनी त्यांना कोणीतरी वळवायचं. डावी कूस, पाठ, उजवी कूस, पुन्हा पाठ. भिंतीवर घड्याळ होतं, पण वॉर्ड चालायचा तो कुशींवर.

सात नंबरवर बिरू कोळेकर. सांगलीच्या मार्केट यार्डातला हमाल. पोती उचलणारी यंत्रं येऊन जुनी झाली, तरी जुन्या गोदामांच्या बोळांत ती शिरत नव्हती. तिथं बिरूची टोळी शिरायची. चौदा महिन्यांपूर्वी हळदीची थप्पी त्याच्या मानेवर कोसळली. खांद्यांत थोडा जीव राहिला, बोटांत नाही, पायांत तर काहीच नाही. तोंड मात्र शाबूत होतं.

"काय म्हणतंय माझं डोस्कं?" त्यानं विचारलं.

"आतून सडायला लागलंय म्हणते चादर."

"त्ये आमची मायाक्का लग्नापासनं म्हणतीया. तिला कळायला चादर लागली न्हाई."

मायाक्का, त्याची बायको, पलीकडे टॉवेल पिळत होती. "बगा शिस्टर. अंग वळवाया दोन माणसं लागत्यात, जिभंला कुणीबी लागत न्हाई."

सिस्टरनी त्याचं डोकं हातात घेतलं. तीन दिवसांपूर्वीच भादरून घेतलं होतं, म्हणजे कातडी नीट दिसावी. बॅटरी मारली. बोटांनी चाचपलं. लाली नाही, सूज नाही, ऊब नाही. भोपळ्यासारखं गुळगुळीत, निरोगी डोकं. तरी त्याखाली पाण्यानं भरलेला हातमोजा ठेवला होता आणि मोज्याखाली मऊ उशी. पाच दिवसांपूर्वी चादरीनं पहिल्यांदा कुरकुर केली, तेव्हा सिस्टरनी बिरूच्या पोटऱ्यांखालची दबून चपटी झालेली उशी काढून डोक्याखाली सरकवली होती. त्यानंतर चादर गप्प व्हायच्याऐवजी जास्तच ओरडायला लागली.

आणि आज मोजणी होती.

निजून राहिलेल्या माणसाला बेडसोअर होतात हे सगळ्यांना ठाऊक. किती जणांना होतात, हे मात्र कोणालाच धड ठाऊक नसायचं. रुग्णालयं असोत की वृद्धाश्रम, आकडा कागदावर लहान आणि खाटेवर मोठा. दर दोन तासांनी वळवल्याच्या सह्या सकाळी एका बैठकीत, एकाच पेनानं पडलेल्या असायच्या. म्हणून सरकारनं सहामाही मोजणी सुरू केली. बाहेरचं पथक येतं, प्रत्येकाला उघडं करून टाळूपासून टाचेपर्यंत बघतं आणि शंभरांत किती, ते लिहितं.

एस्तेर सिस्टरच्या वॉर्डात चारशे अकरा दिवस एकही नवा व्रण नव्हता. आज शून्य आलं की खाटांवरच्या या बोलक्या चादरीची चाचणी पूर्ण होणार होती, चादर राज्यभर जाणार होती. एक जरी निघाला, तरी चाचणीचं अख्खं वर्ष पुन्हा पहिल्यापासून.

बिरूसाठी आजचा दिवस वेगळ्याच कारणानं होता. चार वाजता डॉक्टर सावर्डेकर त्याचा शेवटचा कागद घेऊन येणार होते. त्यावर एकतर 'पात्र' असं लिहायचं, नाहीतर—

दहा. पाठ.

—नाहीतर 'घरी'. घर म्हणजे जत तालुक्यातली दोन खोल्यांची जागा, आणि वळवायला एकटी मायाक्का.

पुण्याच्या केंद्रात मणक्याशेजारी विजेची पट्टी बसवत. मेंदूकडून पायाला निघालेला हुकूम दुखावलेल्या मणक्यात अडकतो; कधी सगळाच्या सगळा, कधी कुजबुजीएवढा पलीकडे झिरपतो. ती कुजबूज पकडून पट्टी मोठी करते आणि पायांना ऐकवते. कुजबूज असली, तर माणूस दीड-दोन वर्षांत धरून उभा राहतो. नसली, तर काही उपयोग नाही. शून्याला कितीही मोठं केलं तरी शून्यच. बिरूला दोनदा तपासलं होतं आणि दोन्ही वेळा शून्य निघालं होतं.

आफरीन मोमीन इचलकरंजीहून आली ती हेल्मेट न काढताच वॉर्डात घुसली. वय अठ्ठावीस. तिच्या आजोबांचे सोळा यंत्रमाग होते. त्यातल्याच एकावर तिनं ही चादर विणली होती, पाच वर्षं, तीनशे फसलेले तुकडे टाकून.

"सिस्टर, धागा तुटलाय. शंभर टक्के. डोकं चांगलं आहे ना? मग चादर खोटं बोलतेय."

"तुझी चादर तेरा महिन्यांत एकदा तरी खोटं बोलली?"

"नाही."

"मग ती बोलते काय, ते मला पुन्हा सांग. अगदी पहिल्यापासून. माझं कुठंतरी चुकतंय."

आफरीननं हेल्मेट काढलं. सांगायला तिला आवडायचंच. "आपण झोपेत सारख्या कुशी बदलतो. का? मांस दबलं की ते कळ पाठवतं आणि झोपेतसुद्धा शरीर हलतं. बिरूभाऊंची कळ वर पोचतच नाही. हाड आणि गादीमध्ये मांस चेंगरतं, रक्त थांबतं, पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पाणी झिरपतं. हे सगळं आत, हाडापाशी. कातडीवर दिसायला दोन-तीन दिवस लागतात. हापूसला साका होतो बघा, साल पिवळीधमक आणि कोयीजवळ गेलेला. माझ्या चादरीत उभा धागा जिथं आडव्याला छेदतो, तिथं ती दोन गोष्टी मोजते. वजन किती, आणि आत पाणी किती. पाणी वाढलं की विजेची चाल बदलते. जी कळ मेंदूला पोचत नाही, ती चादर ऐकते. बस्स."

"आणि डोकं कुठं, पाय कुठं, हे तिला कसं कळतं?"

"वायर भिंतीकडे, म्हणजे डोकं भिंतीकडे. सगळ्या खाटा तशाच असतात की."

वळवायची वेळ झाली. बिरूचं डोकं आणि मान नेहमी एस्तेर सिस्टरच धरायच्या, ते काम त्या कोणाला देत नसत. मायाक्का कमरेशी उभी राहिली. रोजच्यासारखी आधी नवऱ्याच्या कानाशी वाकली, काहीतरी पुटपुटली, आणि जोर लावून तिनं त्याला पाठीवर वळवलं.

"हे बघा, हे बघा!" आफरीन चादरीच्या नोंदी दाखवणाऱ्या पडद्याकडे बोट दाखवत ओरडली. "डोकं दाबलं त्यांनी! तीन किलो, चार. मागं रेटलं, सोडलं. रोज असं होत असेल तर आत पाणी वाढणारच. मी डोक्याची हालचाल हिशेबात धरतच नाही हो, डोकं सगळेच हलवतात, म्हणून—"

"आफरीन."

"काय?"

"डोकं माझ्या हातात आहे."

बिरूचं भादरलेलं डोकं खरोखरच सिस्टरच्या दोन तळव्यांत होतं, गादीपासून वीतभर वर.

सिस्टरनी ते हळूच उशीवर ठेवलं. मग त्यांची नजर चादरीच्या कडेला गेली, कडेतून निघालेल्या काळ्या वायरीवर, वायरीवरून भिंतीतल्या खोबणीवर. भिंतीकडे काय होतं? भिंतीकडे बिरूचे पाय होते.

"येशू, येशू, येशू," सिस्टर म्हणाल्या. "दक्षिण!"

बाकीच्या तेरा खाटा पूर्वेच्या नि पश्चिमेच्या भिंतींना लागून होत्या. सात नंबर एकटी उत्तरेच्या भिंतीला. तिथं भिंतीकडे डोकं केलं की पाय सरळ दक्षिणेला जातात, यमाच्या दिशेला, आणि आधीच निम्म्या मेलेल्या माणसाला असं निजवायला कोणाच्या घरचे तयार होणार? अकरा वर्षांपूर्वी एका म्हातारबाबांच्या मुलांनी त्यावरून वॉर्ड डोक्यावर घेतला होता. एस्तेर सिस्टरना स्वतःला दक्षिण-उत्तर काही नव्हतं. त्यांच्या घरी प्रार्थना करून जागा मिळेल तिथं पाय पसरत. पण लोकांचा जीव शांत राहत असेल तर खाट फिरवायला काय जातं, म्हणून त्यांनीच ती फिरवून घेतली. तेव्हापासून सातवर कोणीही आलं तरी पाय भिंतीकडे. सवय इतकी मुरली, की ती कोणाला दिसेनाशीच झाली. चादरी बसवायला माणसं आली तेव्हा खाट रिकामी होती, दोन्हीकडे सारखाच लोखंडी दांडा. त्यांनी इतर तेरांसारखीच वायर भिंतीकडे टाकली. नंतर वर्षभर सातवर सुधारत आलेले, उठते-बसते पेशंट आले. तीनवरचा पंखा बिघडला म्हणून बिरूला इथं हलवलं, त्याला तीन आठवडे होत होते.

"पण दोन टाचा म्हणजे दोन ठिपके!" आफरीननं कपाळावर हात मारला. "दोन डोक्यांचा माणूस दिसायला हवा होता मला. नाही… नाही दिसणार. ठिपके जवळजवळ असले तर एकच धरायचा, असं मीच लिहून ठेवलंय. पाय जुळवून ठेवता ना तुम्ही? मीच गाढव."

सिस्टर ऐकतच नव्हत्या. पाच दिवस त्या डोक्याखाली उशा सारत होत्या. आणि त्या उशा त्यांनी काढल्या होत्या कुठून? त्यांनी झटक्यात चादर वर केली, बिरूचा डावा पाय गुडघ्याखाली धरला, उचलला आणि—

बारा. उजवी कूस.

—टाच दिसायला ठीक होती. हमालाची टाच. चौदा महिने जमिनीला लागली नव्हती तरी अजून खेटराच्या तळव्यासारखी जाड, भेगा पडलेली. रंगात किंचित फरक, असला तर. पण अंगठ्यानं दाबली की आत बुळबुळीत लागत होती.

"साका," आफरीन पुटपुटली.

"चादर पाच दिवस सांगत होती. मी त्याच टाचेखालची उशी काढून घेतली." सिस्टरनी उशा पोटऱ्यांखाली सारल्या, टाचा हवेत तरंगत्या केल्या. "पूर्वी मी न सांगता प्रत्येकाच्या पोटऱ्यांखाली उशी द्यायची. हिला विणलंस तू, नि मी म्हटलं, आता चादर सांगेल तिथंच उशी. हाताची अक्कल मी चादरीकडे गहाण टाकली."

"सिस्टर, ते राहू दे." आफरीनच्या आवाजात काहीतरी वेगळंच होतं. ती पडद्यासमोर उभी होती, बसायचं विसरून. "ते राहू दे हो. इकडं या. डोकं तुमच्या हातात होतं. मग गादी दाबली कोणी?"

सिस्टर उशी सोडून पडद्यापाशी आल्या.

"टाचेनं," आफरीन म्हणाली. "जी टाच हलत नाही, तिनं."

तिनं पाच दिवसांची नोंद उलगडली. डोक्याची म्हणून टाकून दिलेली प्रत्येक हालचाल आता टाचेची होती. छोटे छोटे उंचवटे, एकामागोमाग एक.

"झटके असतील," सिस्टर घाईघाईनं म्हणाल्या, कारण आशा धरायची त्यांना भीती वाटत होती. "मणका दुखावलेल्यांचे पाय आपोआप उडतात. तुला माहीत नाही, मी शेकड्यांनी पाहिलेत."

"झटका केव्हा येतो? हात लावल्यावर ना? मग हे बघा. हा उंचवटा कमरेचा. मायाक्कांनी जोर लावला तो. आणि हा टाचेचा. कोण आधी?"

सिस्टरनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. टाच आधी होती. अर्ध्या सेकंदानं. प्रत्येक वेळी.

"रात्रपाळीच्या मावशी वळवतात तेव्हा?"

"काही नाही. सपाट. रविवारी मायाक्का गावाला गेली होती? तो दिवस सपाट. फक्त ही वळवते तेव्हाच. सिस्टर, तो मदत करतोय तिला! चौदा महिने बायकोला खालून हात देतोय, आणि त्याला स्वतःला पत्ता नाही!"

बिरू तिकडून म्हणाला, "माझ्याबद्दल बोलताय जणू. मी काय केलं?"

"टाच रेटता तुम्ही, बिरूभाऊ!"

"मी? अवो ताई, मला टाच हाय का न्हाई ह्येच कळंना झालंय."

मायाक्का हातातला वाडगा तसाच धरून उभी होती. तिनं एकदा नवऱ्याच्या पायाकडे बघितलं, परक्याकडे बघावं तसं.

दोघी औषधांच्या खोलीत शिरल्या. दार लावून घेतलं. आफरीनला आनंद मावत नव्हता, आणि त्याच आनंदात तिला पुढचंही दिसलं.

"दोन वाजता मोजणी," ती म्हणाली. "सिस्टर, ती टाच डोळ्याला दिसत नाही. मोजणी डोळ्यांनी करतात. वायर फिरवू, उशा दिल्यातच, चार दिवसांत पाणी उतरेल. आणि चार वाजता डॉक्टरांना नव्यानं करून दाखवू. जुनी नोंद कशाला काढायची?"

"नव्यानं कशी करशील? टाच हवेत. चादरीला दिसणार नाही. आणि जखमेवर वजन मी टाकू देणार नाही."

"पोटरीखाली चादरीची घडी घालू. पोटरी दाबेल."

"दाबेल. एकदा दाबेल, ते म्हणतील झटका. त्यांचा नियम तुला माहीत आहे, सलग तीन दिवसांची नोंद पाहिजे. आहे आपल्याकडे?"

"आहे." आफरीनचा आवाज बारीक झाला. "पण त्याच ओळीत शेजारी पाण्याचा आकडा आहे. वेगळा काढता येत नाही. नोंद दिली की व्रण दिला."

"हो."

"चारशे अकरा दिवस, सिस्टर! पाच वर्षं माझी. अजून एक वर्ष चादर कपाटात पडेल. तोवर बाकीच्या रुग्णालयांत, वृद्धाश्रमांत किती पाठी, किती टाचा… तीही माणसंच आहेत की!"

ही गोष्ट खोटी नव्हती. बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत नेली. सिस्टर टेबलावरच्या कापसाच्या गुंडाळीला बोटानं दाबत राहिल्या, जणू तीही टाच होती.

"त्या माणसांना मी ओळखत नाही," अखेर त्या म्हणाल्या. "आणि तुझी चादर खोट्या शून्यावर त्यांच्याकडे गेली, तर प्रत्येक उत्तरेच्या भिंतीला एक सात नंबर असेल. तिथल्या सिस्टरला कोण सांगणार? आज लिहिलं तर तू नियम बदलशील. नाही लिहिलं तर—"

दोन. पाठ.

"—कुठंय व्रण?" मोजणीपथकातल्या हेर्लेकरबाईंनी टाच वळवून वळवून बघितली. "मला तर काही दिसत नाही. भेगा आहेत. भेगा आम्ही धरत नाही."

"अंगठा द्या," एस्तेर सिस्टर म्हणाल्या आणि त्यांचा अंगठा धरून नेमक्या जागी टेकवला. "दाबा."

बाईंनी दाबलं. भुवया वर गेल्या.

"आतला आहे. पाच दिवसांचा. चादरीनं सांगितलं होतं, ऐकणाऱ्याचं चुकलं. खाट उलटी, वायर सुलटी. तेही लिहा."

"वीस वर्षं मोजणी करतेय मी," हेर्लेकरबाई म्हणाल्या. "लपवलेले व्रण शोधत हिंडते. माझा अंगठा धरून दाखवणारी तुम्ही पहिल्या." आणि त्यांनी लिहिलं : एक.

आफरीन खिडकीशी पाठ करून उभी होती. ती रडत असावी असं वाटून सिस्टर जवळ गेल्या, तर ती गुडघ्यावर वही ठेवून भराभरा काहीतरी खरडत होती. "वजनावरून ओळखता येईल," ती वर न बघता म्हणाली. "पायांपेक्षा डोकं एकटं असतं. दिशा चादरीनंच ओळखायची, वायर गेली खड्ड्यात. एक वर्ष पुरं आहे मला. आणि सिस्टर, हे लक्षात आलं का तुमच्या? खाट सुलटी असती तर पहिल्याच दिवशी 'टाच' म्हणाली असती चादर. तुम्ही टाच उचलली असती. मग त्यानं रेटलेलं कुणाला दिसलं असतं?"

सिस्टरनी तिच्या डोक्यावर टपली मारली, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नाही.

चार. डावी कूस राहिली.

राहिली, कारण डॉक्टर सावर्डेकर म्हणाले, पाठीवरच असू दे.

कोरडा माणूस. त्यांनी पाच दिवसांची नोंद दोनदा वाचली, पाण्याचा आकडाही वाचला. बिरूच्या डाव्या पोटरीखाली चादरीची घडी होती, घडीखाली त्यांनी स्वतःचा तळवा सरकवला.

"कोणी हात लावायचा नाही. तुम्ही रोज वळवायच्या आधी जे बोलता, तेवढंच बोला."

मायाक्कानं पदर सारखा केला. घसा खाकरला. "अहो… जरा पाय दाबा बरं."

काही नाही.

"पुन्हा."

"अहो, ऐकताय ना? प्लीज."

"ही प्लीज कवापासनं म्हणाया लागली?" बिरू म्हणाला. "मला भ्या वाटाया लागलंय."

रेघ सपाट. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. सिस्टरनी मायाक्काचा दंड धरला. "मायाक्का, तू रोज कानात काय पुटपुटतेस? हे नाही ते."

"त्ये न्हाई म्हणायची मी. डाक्टरांसमूर?"

"का?"

"माझ्या बापाचा उद्धार हाय त्यात!"

बिरू एवढ्या जोरात हसला की त्याला ठसका लागला. मग त्यानंच सांगितलं. पोतं उचलताना टोळीचा मुकादम ओळ टाकायचा, आणि सगळ्यांनी मिळून 'हैस्सा' म्हणायचं. त्या हैस्सावर पोतं वर. बिरू मुकादम होता. त्याच्या ओळी सगळ्या सासऱ्यावर. यार्डात लोक ऐकायला थांबायचे. मायाक्का वीस वर्षं त्यावरून भांडली, आणि तो आडवा पडल्यावर त्याला वळवायला दुसरी हाळी तिला सुचेना.

"तुझ्या वडिलांची माफी मी मागते," सिस्टर म्हणाल्या. "म्हण. आणि कानात नको, मोठ्यानं."

मायाक्कानं डोळे मिटले. पदर खोचला. आणि जो आवाज तिच्यातून निघाला, तो त्या वॉर्डानं कधी ऐकला नव्हता.

"सासरा माझा—"

"हैस्सा!" बिरू आपसूक ओरडला.

पडद्यावरची रेघ उडाली.

"लई कंजूस—"

"हैस्सा!" आता पाच नंबरही ओरडला, नऊ नंबरही. रेघ पुन्हा उडाली. आफरीन किंचाळली. डॉक्टरांनी दुसरा हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्यांचा चेहरा मुळीच कोरडा उरला नव्हता.

"थांबा. शिकलेला झटकाही असू शकतो, आवाजाला दचकून. आता असं करा. ओळ म्हणा, पण हैस्सा म्हणायचं नाही. कोणीच नाही. बिरू, तुम्हीपण तोंड घट्ट मिटा."

पाच नंबरनंही ओठ मिटले.

"जावई आला—" मायाक्का म्हणाली, आणि थांबली.

हैस्साची जागा रिकामी गेली. पण नेमक्या त्या रिकाम्या जागेत, तालावर, डॉक्टरांच्या तळव्यावर पोटरी दबली. सगळ्यांनी पडद्यावर बघितलं. डॉक्टरांनी बघितलं नाही, त्यांना तळव्यावर जाणवलं होतं.

"झटक्याला ताल कळत नाही," ते पुटपुटले. त्यांनी खिशातलं पेन काढलं, गुडघ्यावर कागद धरला आणि डाव्या हातानंच, कारण उजवा अजून पोटरीखाली होता, वेडंवाकडं लिहिलं : पात्र.

"पुन्हा," ते म्हणाले.

"ताटात पाणी—"

दबली.

"पुन्हा."

"पाण्यात भाकर—"

दबली, पण थोडी. बिरूच्या वरच्या ओठावर घाम जमला होता. कपाळावरही. भादरलेल्या टाळूवर थेंब चमकत होते.

"आणखी एकदा," डॉक्टर म्हणाले. लिहून झालं होतं. हे त्यांना स्वतःसाठी हवं होतं.

"मायाक्का," बिरू म्हणाला. त्याला धाप लागली होती, आणि त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. "मायाक्का, दमलो गं मी."

मायाक्का त्याच्याकडे बघत राहिली. चौदा महिने तो तहानला होता, चिडला होता, कंटाळला होता. दमला नव्हता एकदाही. तिनं पदरानं त्याची टाळू पुसली, मग पाय जपून, टाच न टेकवता, डॉक्टरांच्या हातातून काढून घेतला.

"ऐकलं न्हवं?" ती डॉक्टरांना म्हणाली. "दमल्यात त्ये. आता उद्या या."